बुंदीचा दुसरा फेरा

आमच्या लातूरच्या मामांनी वाढलेल्या पंगतीतून आजवर एकही माणूस स्वतःच्या बळावर उठलेला नाही; शेजाऱ्यानं हात देऊनच त्याला उठवावं लागतं. मामा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते असं त्यांचे निवृत्तीचे कागद सांगतात, पण त्यांची खरी नोकरी पंगतीत वाढण्याची. भावकीतलं लग्न असो, गल्लीतली वास्तुशांत असो, नाहीतर शिरूर अनंतपाळच्या कुणा ओळखीच्याचं बारसं, मामा तिथं जेवायला म्हणून जातच नाहीत. सदऱ्याच्या बाह्या दुमडतात, कमरेला उपरणं आवळतात आणि बादली उचलतात. नको म्हणणाऱ्यांशी त्यांचं उभं वैर आहे. एका हेडमास्तरांनी ताटावर आडवा हात धरला, तर मामांनी कढी त्या हातावरच वाढली आणि मास्तरांचं घड्याळ जागच्या जागी थांबलं. माझ्या सासऱ्यांनी "मला शुगर आहे" असं सांगून पाहिलं. "शुगर दवाखान्यात, हितं बुंदी हाय," म्हणत मामांनी दोन पळ्या जास्तच वाढल्या. शिवाय त्यांचा एक नियम आहे. जेवणाऱ्याकडं पाठ करायची नाही, तो अन्नाचा आणि माणसाचा दोघांचाही अपमान. म्हणून ते दोन ओळींच्या मधून उलटे चालत मागं सरकतात आणि तोंडानं "सावकाश होऊ द्या" चालू असतं.

यंदा त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं आणि मामांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. नांदेडच्या व्याह्यांना बुफे हवा होता. मामांनी त्यांच्या घरी जाऊन, चहाला हात न लावता, शब्द दिला, "पंगतच होऊ द्या. मी सोता वाढतो. एक माणूस ताटकळला तर माझ्या नावानं काय बी म्हणा." व्याही भले माणूस, त्यांनी मान्य केलं. लोकांच्या लग्नांत वाढता वाढता मामांची उमर गेली. आता आपल्या लेकीच्या लग्नात पहिली पळी आपल्या हातची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

लग्नाला आठवडा राहिला असताना शेजारच्या पोराचं लग्न निघालं. मी स्वतः त्या पंगतीत बसलो होतो. मामा बुंदी घेऊन उलटे येत होते आणि कुणीतरी मधेच पाण्याचा जग ठेवला होता. मामा उजव्या हातावर पडले, बादली उडाली, आणि दोन्ही ओळींत बुंदी अशी सारखी पडली की वाढूनसुद्धा पडली नसती. सगळे ताडकन उठले. मामा पडल्या जागेवरून म्हणाले, "उठू नका, जेवा. वाढून राहिलोय."

रिक्षात घालून मी त्यांना दवाखान्याच्या अपघात विभागात नेलं. मनगट भोपळ्यासारखं सुजलं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं काका?"

"बुंदीचा दुसरा फेरा चालू होता," मामा म्हणाले. एवढ्यात सगळं कळायला हवं, असा त्यांचा चेहरा. एक्स-रे काढताना त्यांच्या बाहीतून मूठभर बुंदी टेबलावर सांडली, तर त्यांनी ती तिथल्या माणसाला घ्यायला लावली. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक जण विव्हळत होता. मामांनी त्याला "जेवले का पाव्हणं?" असं विचारलं आणि तो खरोखरच विव्हळायचा थांबला. मला हसू आवरत नव्हतं.

मग बाईंनी हाड मोडल्याचं सांगितलं. प्लास्टर, दीड महिना.

"आठ दिवसांनी घालू की," मामा म्हणाले. "आता नुसती पट्टी बांधा."

"हाड वाकडं जुळेल, काका."

"जुळू द्या वाकडं. पळी धरता आली म्हंजे झालं."

"नाही धरता येणार. पुढं कधीच."

मामांनी सुजल्या हाताची बोटं मिटून पाहिली, ती मिटेनात. त्यांनी मला फोन लावायला सांगितला आणि खाटेवर पडल्या पडल्या व्याह्यांना म्हणाले, "मी शब्दाला कमी पडलो. बुफेच करू." मग बाईंपुढं हात केला.

लग्न थाटात झालं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मामा ताट घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकासमोर जात होते. "घेतलं का समदं?" विचारत होते, आणि माणसं "हो, हो" म्हणून पुढच्या काउंटरकडं सरकत होती. डाव्या हातानं वाढायचं नसतं, म्हणून हातात काहीच नव्हतं. मला ते बघवेना. जवळ जाऊन विचारलं, "मामा, तुम्ही जेवलात का?"

"मला कोण वाढतंय आता," ते हसून म्हणाले.

मी त्यांना स्टेजमागं नेलं, सतरंजीवर बसवलं आणि ताट भरून आणायला निघालो. "भरून आणू नको," ते म्हणाले. "पुढं मांड. मग वाढ."

मी आचाऱ्याकडून बादल्या मागून आणल्या. एवढ्यात नवरी, माझी मामेबहीण, फोटो अर्धवट टाकून आली. शालूचा पदर कमरेला खोचून तिनं पळी माझ्या हातातून काढून घेतली. आमचे मामा मान खाली घालून, प्लास्टरबाहेर राहिलेल्या बोटांनी सावकाश वरणभात कालवत होते. बाहेर नांदेडची गाडी फुलं लावून तयार होती.

"अजून थोडं वाढू, अप्पा?" तिनं विचारलं.

मामांनी डाव्या हातानं ताट पुढं सरकवलं.