उजेडाच्या कड्यात अडकलेला कण

पुण्यात पीएच.डी. करून मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा गाईडनं दिलेला एक जुना लेसर सोबत आणला होता. खटपट करून मी तो मायक्रोस्कोपला जोडला. वाटेत बसवलेल्या फिल्मच्या तुकड्यामुळे त्याचा झोत मेदूवड्यासारखा व्हायचा: कडेनं उजेड, मधे अंधार. पाण्याच्या थेंबातला एखादा काळा कण त्या अंधारात अडकायचा आणि जागच्या जागी गरगर फिरायचा. झोत सरकवला की तोही सरकायचा. समोरच्या टीव्हीवर सगळं दिसायचं.

आमच्या प्राचार्यांचं विज्ञान हारतुऱ्यांशी संपायचं. विज्ञान दिनाला एक पुढारी येणार होते. प्राचार्यांनी टीव्हीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"मॅडम, साहेबाले ठिपका दाखवता काय? काही मोठं उचला ना!"

"मोठं उचलायला खाणीतली क्रेन मागवा, सर."

त्या दिवशी लाइट गेली होती. मी बॅटरीवर तयारी केली, तर प्राचार्यांनी जनरेटर नेमका माझ्या खिडकीखाली आणून ठेवला. टेबल थरथरायला लागलं, कण निसटला. जनरेटर हलवा म्हटलं, तर म्हणाले, "मग स्टेजवरचे पंखे काय तुमच्या उजेडानं फिरवू?"

पाहुणे आले. टीव्हीवर नुसती थरथर. प्राचार्य जराही डगमगले नाहीत. त्यांनी शेजारच्या टेबलावरचं कापड ओढलं. थर्मोकोलचा गोळा हवेत, खाली बाजारातला लाल लेसर पॉइंटर.

"साहेब, हा गोळा उजेडानं तोलून धरला आहे!"

टाळ्या पडल्या. माझ्या विभागातल्या डॉक्टरेटवाल्यांनीही वाजवल्या. मी पुढे गेले आणि वरचा नायलॉनचा बारीक दोरा ओढला. गोळा नाचायला लागला.

"उजेड नाही, दोरा आहे हा," मी म्हणाले.

पाहुणे पोट धरून हसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी शाल माझ्याच खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "मस्त जादू करता तुम्ही!"

माझा अपमान झाल्याचं त्या अख्ख्या गर्दीत फक्त मला कळलं.

प्राचार्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेवढा एक फायदा झाला. पुढच्या उन्हाळ्यात मी सामान बांधून नागपूरच्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथे जराही न थरथरणारा दगडी ओटा होता, आणि पाहुण्यांना बाहेरच चहा पाजून वाटेला लावायची शहाणी पद्धत होती.