रिकाम्या मागाचा आवाज

तांडापेठेतल्या विणकरांच्या गल्लीत कुणी कुणाची खुशाली विचारत नसे, कारण ती ऐकूच येई. सकाळी मागावर धोटे धावू लागले, सूत ठोकणारी फणी आपटू लागली, म्हणजे त्या घरात सगळं ठीक. माग दोन दिवस गप्प राहिला की बायका चौकशीला हजर. आणि त्यांची चौकशी म्हणजे काय असते, हे जिच्या दारात त्या उभ्या राहत तिलाच ठाऊक.

भागीरथाला नेमकी तीच चौकशी नको होती. अडुसष्ट साली दिवाळीनंतर तिचा नवरा धोंडबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि विणेचना. ताप नाही, खोकला नाही. हात मांडीवर, नजर ताण्याच्या उभ्या धाग्यांवर. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भागीरथा, माह्यानं जगणं होऊन नाही राहिलं."

आदल्याच वर्षी गल्लीच्या टोकाचे गणपतराव असेच बसून राहिले होते, आणि मग विहिरीत सापडले. गल्ली म्हणाली, पाय घसरला. त्यापुढं कुणी अवाक्षर काढलं नाही, तरी त्यांच्या पोरींना स्थळं येईनात. भागीरथाची प्रेमिला तेव्हा सात वर्षांची होती.

म्हणून भागीरथानं दार लावलं, धोंडबाला खाटेवर निजवलं आणि स्वतः खड्ड्यात उतरली. बायकांनी सुताच्या कांड्या भरायच्या, माग पुरुषानं चालवायचा, अशी रीत. तिला किनार विणता येत नव्हती आणि मागावर लुगडं अर्धं होतं. हात लावला असता तर बिघडलंच असतं. तेव्हा तिनं धोट्यातली सुताची कांडी काढून घेतली आणि रिकामाच धोटा इकडून तिकडं मारत बसली. आडवा बाणा नाही, कापड नाही, नुसता आवाज. सकाळी चार तास, दुपारी तीन. शिवाय संध्याकाळी दुसऱ्यांच्या कांड्या भरून पोटाची सोय. काहीही न विणता माणूस किती दमतो, ते भागीरथाला विचारावं.

दर दुसऱ्या मंगळवारी नवराबायको पिशवी घेऊन निघत. "उमरेडले जाऊन येतो, नातेवाइकाकडं," असं ओट्याओट्यावर सांगत एसटी स्टँडपर्यंत जात, आणि तिथून सायकलरिक्षा करून सदर भागाच्या पलीकडं, ज्या दवाखान्याला सारं शहर पागलखाना म्हणे तिथं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हा आजार आहे, बाई. गोळ्या बंद करू नका आणि लपवालपवी करू नका." यातलं निम्मं तिनं पाळलं. आठव्या महिन्यात धोंडबा आपल्या पायांनी खड्ड्यात उतरला. त्र्याहत्तरात पुन्हा बसला, पुन्हा पाच महिने तिनं माग चालवला. सावरल्यावरही गोळ्या चालूच होत्या आणि उमरेडही चालूच होतं.

एकोणऐंशीत प्रेमिलाचं लग्न काटोलला ठरलं. वैशाखातला मुहूर्त. धोंडबा ठणठणीत होता. भागीरथाला वाटलं, आता एवढं पार पडलं की आपण सुटलो.

आणि फाल्गुनात एका दुपारी कांड्या भरताना तिचा हात थांबला. भिंतीपलीकडं गोविंदाचं घर. माग चालू होता, फणी आपटत होती, पण कोरडी. सुतावर पडली की फणीचा आवाज मऊ होतो. इथं तो मऊपणा नव्हता. खड्ड्यात गोविंदा नाही, त्याची बायको रंभाबाई आहे, हे भागीरथाला न बघता कळलं.

नऊ दिवस ती ऐकत राहिली. जावं, तर आवाज कसा ओळखला ते सांगावं लागणार. सांगितलं, की गोष्ट काटोलला पोचणार. लग्नापुरतं गप्प बसू, असं ती स्वतःला समजावत होती, आणि स्वतःचीच तिला शिसारी येत होती.

दहाव्या दिवशी तो माग मध्येच थांबला. पुन्हा सुरू होईना. भागीरथाला विहीर आठवली. ती उठली.

रंभाबाईनं दार बोटभर उघडलं. "काय वं बाई?"

"गोविंदा कुठं आहे?"

"विणून राहिले."

"माग तर तू चालवत होती. रिकामा."

रंभाबाईचा चेहरा उतरला. मग भागीरथानं उभ्याउभ्याच सारं सांगून टाकलं. "मी आठ महिने असाच चालवला. मंग अजून पाच महिने. उमरेडले आम्ही कधी गेलोच नाही, रंभे. पागलखान्यात जातो."

"मले माहीत आहे," रंभाबाई म्हणाली. "रिकामा माग विणकराले समजत नाही का? साऱ्या गल्लीले समजत होतं. तुह्यापासूनच तर शिकली मी."

भागीरथा उंबऱ्यावर मटकन बसली. अकरा वर्षं! राग आला, पण रागवायलाही अंगात काही उरलं नव्हतं. "मंग एक दिवस तरी काहून नाही आली वं?"

"तुह्यं दार लागलेलं राहे, बाई."

भागीरथा स्वतः नऊ दिवस भिंतीला कान लावून बसली होतीच की.

आत गोविंदा खड्ड्याच्या काठावर बसला होता, हात मांडीवर ठेवून. भागीरथानं धोंडबाला हाक मारली. तो आला, गोविंदाजवळ खड्ड्यात पाय सोडून बसला. मग म्हणाला, "मीही असाच बसलो होतो गा. मले मरावंसं वाटे. मंगळवारी माह्यासंग चाल."

मंगळवारी चौघं निघाले, पिशवीशिवाय. ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "उमरेडले का वं?"

"नाही," भागीरथा म्हणाली. "पागलखान्यात. हे अकरा वर्षांपासून जातात. गोळ्या खातात अन् लुगडी विणतात." तिचा आवाज खणखणीत होता. दोन्ही बाजूंचे माग एकेक करून थांबले.

आठव्या दिवशी काटोलहून निरोप आला. लग्न मोडलं. भागीरथा खूप रडली. पोरीचे पाय धरायला वाकली, तर प्रेमिलानं तिला उठवलं. "आई, एकाच खोलीत तर राहत होतो. मले का तो आवाज येत नव्हता? मी तरी कोणाले सांगितलं, सांग." मग ती टोपली ओढून कांड्या भरायला बसली.

श्रावणातल्या एका दुपारी भिंतीपलीकडचा माग सुरू झाला. भागीरथानं सवयीनं कान दिला. फणी आपटली, मऊ. पुन्हा आपटली, मऊ. गोविंदा विणत होता. ती टोपलीशेजारीच जमिनीवर आडवी झाली. आईला झोप लागावी म्हणून प्रेमिला दार लावायला उठली.

"राहू दे उघडं," भागीरथा म्हणाली, आणि झोपली.