बिन्झुरूला तेल

सिंधूताईंना कुणी भोळ्या म्हटलं की माझं डोकं फिरतं. भोळी माणसं जपानातल्या नागोयात एकटीने नवऱ्याचं आजारपण काढत नाहीत. सुरेशराव मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही. ती दिली सबवे स्टेशनामागच्या देवळाने.

देऊळ सातशे वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या महायुद्धात ते जळालं, पण ओसरीवरचा लाकडी बिन्झुरू लोकांनी हातगाडीवर घालून वाचवला. हा बुद्धाचा शिष्य, म्हणजे मूळचा आपल्याकडचाच. आपलं जे दुखतं ते त्याचं चोळायचं आणि मग तोच हात दुखऱ्या जागी फिरवायचा, अशी रीत. पिढ्यान्‌पिढ्या चोळून त्याचं नाक सपाट झालंय, गुडघ्यांवर लाकडाच्या रेषा उघड्या पडल्यात. लाखेचा जुना तांबडा लेप वस्त्राच्या चुण्यांत आणि दंडांवर तेवढा राहिलेला. सिंधूताई रोज त्याचा उजवा हात चोळायच्या आणि तळवा मिटून घरी यायच्या, वाटेत तो कशालाही लावायच्या नाहीत. सुरेशराव डाव्या हाताने उजवा उचलून पुढे करायचे.

तांबडा देव, ओसरीवर बसलेला, त्यात शनिवार. त्यांना मारुती आठवला यात नवल काय? लाकूड किती कोरडं पडलंय बिचाऱ्याचं, असं म्हणत त्यांनी तिळाचं तेल कोमट करून नेलं आणि खांद्यापासून बोटांपर्यंत जिरवलं.

थोड्याच दिवसांत लेप फुगला, पापुद्रे सुटले. सिंधूताई आपण होऊन पुजाऱ्यांकडे गेल्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं. उलट त्यांनीच वाकून माफी मागितली, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं म्हणाले. मग जुन्या मूर्तींचे जाणकार आले आणि बिन्झुरू काचेत गेला. गुडघ्यांसाठी रोज येणाऱ्या हिराता आजी आता काचेवरूनच हात फिरवतात. सिंधूताईंना ते बघवत नाही.

काच बसली त्या संध्याकाळी मी शेजारीण म्हणून त्यांच्याकडे भाजी द्यायला गेले होते. सुरेशरावांनी नेहमीसारखा हात पुढे केला. सिंधूताई तो चोळू लागल्या.

"गेली होतीस ना?" सुरेशरावांनी अडखळत विचारलं.

"गेले होते."

खोटं नव्हतं ते. मला रडू आवरेना.

"आज जरा हलल्यासारखा वाटला," सुरेशराव म्हणाले.

हात हलला नव्हता. सिंधूताईंनी मान डोलावली आणि रिकाम्या तळव्याने पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.