उष्टी पोथी

खरं तर मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या पिंपळीत कुणी बाधा-बिधा म्हटलं की आधी मीच हसायचे. त्यामुळे हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं…

मी बारामतीच्या एका कॉलेजात एम.ए. करते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या विभागात गावोगावच्या घरांनी दिलेल्या हस्तलिखित पोथ्या आहेत, काही तर कित्येक शतकं जुन्या. त्या ब्रशने झाडायच्या, सूची करायची आणि पोथी आधी कुणाकडे होती ते शोधायचं, हे काम सरांनी मला दिलं होतं. आई गल्लीभर सांगत फिरायची.

त्यात एक वैद्यकाची पोथी होती. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल कापडात बांधलेली. रोज सकाळी कापड सोडलं की वरच्या पानाचा कोपरा ओला असायचा. पाण्याने नाही… थुंकीने. चिकट, पिवळसर. तंबाखूचा आणि न धुतलेल्या तोंडाचा वास. पहिल्यांदा बोट लागलं तेव्हा मी बेसिनपर्यंतही पोचले नाही, दारातच ओकले.

एकदा सरांनी ते पाहिलं.

"थुंकी लावून पानं उलटतेस? मिश्री लावतेस का गं?"

"नाही सर. आई लावते."

"तरीच! सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघेल हे काम."

आता आईला काय सांगायचं? पोथीच्या शेवटच्या पानावर जुन्या मालकाचं नाव आणि इंदापूर तालुक्यातलं वरकुटे गाव होतं. शनिवारी एसटीने तिथे गेले. मालकाचे पणतू, ऐंशीच्या घरातले आबा, अंगणात डाळिंबं निवडत बसले होते. "कॉलेजातून आलेय, पोथीबद्दल…" एवढंच मी म्हटलं.

"अजून वली हाय का?"

मी मान डोलावली.

"आमचा पणजा थुंकी लावल्याबिगर पान उलटत नव्हता. पणजी बोंबलायची म्हणं, पोथी उष्टी करतोय. त्यो गेला, पर ह्ये थांबलं न्हाय. उन्हात घातली, धुपावर धरली… सुनंनं तर शिवायचंच सोडलं. म्हणून कॉलेजला दिली."

"आबा, आम्हाला सांगायचं तरी!"

"सांगितलं आसतं तर घेतली आसती व्हय तुमी?" आबा हसले. "माघारी आणू नगंस हां."

सोमवारी हे सरांना सांगितलं. "वा! भूतसुद्धा तंबाखू खातं," म्हणत त्यांनी स्वतः पोथी पुसली, बांधली, लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उघडलं. गाठ तशीच होती. वरचं पान मात्र तळाशी गेलेलं, आणि आता वर आलेल्या पानाचा कोपरा… सरांनी बोट लावून उचललं तशी तार निघाली. सर हात धुतच राहिले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

छताची गळती पाहिली, पाली-झुरळं पाहिली. काही सापडलं नाही. काम माझ्याकडेच राहिलं. सर त्या कपाटाला आता हातही लावत नाहीत. रोज सकाळी टिपकागदाने तो कोपरा पुसायचा, तेही माझंच काम. घरी आई कौतुकाने घास भरवायला येते, तिच्या बोटांना मिश्रीचा वास येतो… मी तोंड फिरवते. मग तिच्याकडे बघवत नाही.

कुणाला काही कळत असेल तर सांगा. थुंकी कुठून येते ते एक वेळ सोडा. पण रात्रभर बंद कपाटात राहून ती सकाळी कोमट कशी असते?