रुमाल टाकलेली जागा

अमरावती-अकोला एसटीने रोज अपडाऊन करणाऱ्यांचा एक कायदा आहे. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल, त्याची जागा. बायकांचे तिकीट अर्धे झाल्यापासून गर्दी अशी असते की रुमाल नसेल तर अकोल्यापर्यंत उभेच. याच कायद्याचे दुसरे कलम मात्र फार कडक आहे. कुणी आपल्यासाठी जागा धरली आणि आपण तिथे बसलो नाही, तर तो नकार समजायचा. तोही चारचौघांत.

मी भातकुलीहून येते. अकोल्यात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आमची गाडी अमरावतीला पोहोचते तेव्हा अकोल्याची सुटायच्या बेतात असते, त्यामुळे उभे राहणे माझ्या पाचवीलाच पुजलेले. एके दिवशी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये काम करणारा, रोजच्या गाडीतला तोंडओळखीचा एकजण शेजारची जागा दाखवत म्हणाला, "मॅडम, बसा इथं. रुमाल माहाच हाये."

"मळका हाये," मी म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी रुमाल धुतलेला, वर इस्तरी केलेला. मी म्हटले, "आज इस्तरी? कोनी पाहाले येऊन राहिलं का तुमाले?" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला एवढा आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले.

याला लोक नखरा म्हणतात आणि नाक मुरडतात. मुरडू देत. सरळ बोलायची छाती होत नाही तेव्हाच माणूस असा आडून आडून बोलतो, आणि त्या आडून बोलण्यात जी मजा आहे ती मला तरी दुसऱ्या कशात सापडलेली नाही. रुमालाची सोयही तीच. अंगाशी आले तर उचलून खिशात घालता येतो. हिवाळाभर आम्ही तसेच बोललो. आधी जो सरळ बोलेल तो हरला, असे न ठरवताच ठरले होते.

मग एका मंगळवारी बडनेरा मागे पडल्यावर तो समोर बघत म्हणाला, "रविवारी अंजनगावले जाऊन राहिलो. पोरगी पाहाले."

मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"जाऊ का?" त्याने विचारले.

"मले कावून विचारता? मी काय तुमची आजी हाओ?" माझ्या तोंडून निघून गेले. "जा ना. पोहे गरम गरम खाजा."

तो हसला नाही. मूर्तिजापूर आले, गेले. तो काहीतरी ऐकायला थांबला होता, हे मला तो रुमालाची घडी करत-मोडत होता त्यावरून कळत होते. आणि मला राग येत होता. मीच का बोलू? त्याला जायचे नसेल तर त्याने तसे म्हणावे!

त्याच रागात बुधवारी मी गाडीत चढले, इस्तरीचा रुमाल पाहिला आणि सरळ मागे जाऊन नर्सबाईंजवळ जेमतेम टेकले. त्या रोजच्याच, अकोल्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या. मला वाटले, तो वळून बघेल, चिडवेल, मग मी ऐटीत उठून जाईन. त्याने वळून पाहिलेच नाही. रुमाल उचलला, घडी करून खिशात घातला आणि एका म्हाताऱ्या बाबांना म्हणाला, "बसा बाबाजी." सगळ्या गाडीने ते पाहिले.

गुरुवारी रुमाल नव्हता. शुक्रवारीही नाही. मी दांडीला लोंबकळत, तो तीन बाके पुढे. दुकानात त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मी उजव्या डोळ्याची काच डाव्याला लावून विचारत होते, दिसते का म्हणून.

संध्याकाळी उतरताना नर्सबाई म्हणाल्या, "नखरा तोंडी लावाले असते, बाई. त्यानं पोट नाई भरत." रात्रभर मला फक्त रविवार दिसत होता.

शनिवारी मी भातकुलीहून पहिली गाडी पकडली. अमरावतीच्या फलाटावर तो अजून आला नव्हता. अकोला गाडी लागली तशी झुंबड उडाली, खिडक्यांतून रुमाल, टोप्या, डब्याच्या पिशव्या पडू लागल्या. माझ्याजवळ रुमाल होता. तो मी पर्समध्येच ठेवला. खांद्यावरची लाल ओढणी काढली आणि खिडकीतून दोन जागांवर पसरून टाकली. ओढणी काही खिशात घालता येत नाही.

आत शिरून मी खिडकीशी बसले. खांदे उघडे उघडे वाटत होते. एक जाडजूड गृहस्थ शेजारच्या जागेला हात लावून म्हणाले, "कोन येऊन राहिलं इथं, बाई?"

"हाये एकजन."

"कोन एकजन? गाडी सुटून राहिली."

ते बसायलाच लागले. मला रडू येईलसे झाले, आणि रडू यायला लागले की माझा आवाज चढतो. "उठा!" मी ओरडले. "माहा मानूस येऊन राहिला!"

नर्सबाईंनी मान वर केली. गृहस्थांच्या मागे, दारातून नुकताच चढलेला, रुमाल हातात धरून तो उभा होता.

वऱ्हाडात बाई 'माहा मानूस' नवऱ्यालाच म्हणते, हे काही गाडीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मी त्याच्याकडे पाहिले. आता चिडवायला, शब्द फिरवायला माझ्याजवळ काहीच उरले नव्हते. तो हलेना. कंडक्टरने घंटी वाजवली तरी हलेना. मला वाटले, हा आता पुढे निघून जाणार.

गृहस्थ बाजूला झाले. मग त्याने ओढणी उचलली, मांडीवर घेतली आणि बसला. बडनेरा मागे पडले. त्यानंतर फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "बाबा, अंजनगावच्या पाव्हन्याइले फोन लावा. उद्या येत नाई म्हना आपन." तिकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. त्याने फोन ठेवला.

मूर्तिजापूरला मी म्हणाले, "ओढनी द्या न आता."

"नाई देत," तो म्हणाला. "मळकी हाये. धुऊन आनतो."