आईच्या अर्जातले दोन दंड

माझी आई भारताची नागरिक नाही, हे मला मी नऊ वर्षांची झाल्यावर कळलं.

ती नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. आमच्या गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असो की कुणाच्या पोराच्या नाकात हरभरा अडकलेला असो, हाक आमच्याच दाराशी यायची. अशी बाई परकी कशी असेल? पण तिचा जन्म आफ्रिकेतल्या झांजीबारचा होता. आजोबा तिथल्या बंदराच्या कचेरीत कारकून होते. आई घरात मराठी, बाजारात स्वाहिली आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढली. लग्न होऊन नागपूरला आली ती ब्रिटिश पासपोर्ट घेऊन, आणि तो पासपोर्ट लोखंडी पेटीत शालूच्या खाली तसाच पडून राहिला. संसार, नोकरी आणि मी, यांत बारा वर्षं कशी गेली ते तिलाही कळलं नाही.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी रुग्णालयात कायमची जागा निघाली. आईने अर्ज केला. तो परत आला, नागरिकत्वाचा दाखला जोडा म्हणून.

बाबांनी कलेक्टर कचेरीतून फॉर्म आणला. एका रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर आई तो भरायला बसली. बाबा शेजारी बसून एकेक रकाना समजावून देत होते. बाबांची बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. ती तांदूळ निवडत ऐकत होती. नाव, जन्मगाव, लग्नाची तारीख असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक प्रश्न आला की अर्जदाराला कधी कोणत्या न्यायालयाने शिक्षा किंवा दंड केला आहे काय?

"नाही लिही," बाबा म्हणाले.

आईने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "दोनदा झालाय," ती म्हणाली.

दोन्ही वेळा सायकलीमुळे. पहिल्यांदा थंडीच्या दिवसांत संध्याकाळची ती दवाखान्यातून परत येत होती. डायनामो बिघडला होता, दिवा लागेना. चौकात हवालदाराने अडवलं. दुसऱ्यांदा माझी वार्षिक परीक्षा होती, उशीर झाला होता, म्हणून तिने मला मागे कॅरिअरवर बसवलं. डबलसीट. त्याच चौकात, त्याच हवालदाराने पकडलं. तेव्हा कधीकधी रस्त्याच्या कडेला टेबल टाकून मॅजिस्ट्रेट बसत आणि तिथल्या तिथे दंड करत. आईने दोन्ही वेळा गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि घरी आली. मी त्या दिवशी पेपरला वीस मिनिटं उशिरा पोहोचले आणि वर्गात रडले, एवढंच मला आठवत होतं.

"ते काय गुन्हे आहेत?" बाबा वैतागले. "हे खुनाबिनासाठी विचारतात."

"इथे 'दंड' असं लिहिलंय."

आत्या सुपातून मान वर करून म्हणाली, "काहून लिहून राहिली वं वहिनी? कोणाले माहीत आहे? उगाच त्याईले कारण भेटन अडवाले."

आईने काही वाद घातला नाही. तिने त्या रकान्यात "होय, दोन वेळा" असं लिहिलं, आणि वेगळ्या कागदावर दोन्ही प्रसंग सविस्तर मांडून तो कागद जोडला. बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

माझी सकाळची शाळा असायची, म्हणून कचेरीत जाताना आई मला सोबत न्यायची. तिथला कारकून वयस्कर होता, बोलायला चांगला. त्याने जोडलेला कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि आईकडे पाहिलं.

"बाई, हे काय लिहून आणलं? नवा फॉर्म देतो, इथंच बसून भरून द्या. 'नाही' लिहा, खतम."

"खरं आहे ते."

"खरं असंल. पन याचा सबूत पाहिजे. दंडाची पावती आहे?"

पावत्या नव्हत्या. एक युनिफॉर्मच्या खिशात राहून धुण्यात गेली होती, दुसरी कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं.

"मंग मी फाइल वर कशी पाठवू? साहेब विचारन, कागद कुठं आहे? दंड झाला नाही म्हटलं तर कागद लागत नाही. झाला म्हटलं तर लागते. समजून राहिल्या ना तुम्ही?"

"समजलं," आई म्हणाली. "कागद आणते."

म्हणजे आता आईला स्वतःचा गुन्हा सिद्ध करायचा होता. दोन महिने ती त्याच्या मागे लागली. ड्यूटी संपली की कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत जायची. तिथल्या माणसाने दोन वेळा कपाटं उघडली, तिसऱ्या वेळी हात जोडले. किरकोळ दंडाची जुनी रजिस्टरं ठेवतच नाहीत, म्हणाला. मग तिने तो हवालदार शोधून काढला. त्याची बदली इतवारी बाजारात झाली होती. हातगाड्या आणि धान्याच्या पोत्यांच्या गर्दीत तो शिट्टी वाजवत उभा होता. आईने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि दोन ओळी लिहून द्यायची विनंती केली.

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नाई आठवत बाई," तो म्हणाला. "रोज किती लोकं पकडतो मी. तुमी खोटं बोलून राहिल्या असं नाई म्हनत. पन मले आठवतच नाई, त्याच्यावर सही कशी करू?"

मला त्याचा राग आला. आई मात्र वाटेत म्हणाली, "माणूस सरळ आहे. आठवतं म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं."

शेवटी कारकुनानेच वाट सुचवली, शपथपत्र करा. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट बसायचे. आई मजकूर सांगू लागली आणि अर्ध्यावर टायपिस्टचे हात थांबले.

"बाई, चुकून राहिल्या तुम्ही. 'गुन्हा केला नाही' असं पाहिजे न?"

"केला आहे असंच पाहिजे."

त्याने शेजारच्या टायपिस्टला हाक मारली. "ऐक गा, इकडं ये! ह्या बाई शपथेवर सांगून राहिल्या का मी बिना लाइटची सायकल चालवली!" दोघेही हसले. आईही हसली. पण त्याने टाइप केलं, आणि सायकलच्या रंगासकट सगळं बरोबर टाइप केलं.

या सगळ्यात रुग्णालयातली जागा भरली गेली. बाबांनी त्या दिवशी जेवताना फक्त एवढंच म्हटलं, "भरली ती जागा." आईने पोळी वाढता वाढता "हं" म्हटलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं होतं, ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. पण अर्ज मागे घेऊ, असं ती म्हणाली नाही.

पोलिसांची चौकशी झाली. गल्लीतल्या बायकांनी शिपायाला चहा पाजला आणि इतकं सांगितलं की त्याची वही भरली. काही महिन्यांनी साहेबांनी भेटीला बोलावलं. मला बाहेर बाकावर बसवणार होते, पण साहेबच म्हणाले, येऊ द्या.

साहेब तरुण होते. त्यांनी फाइल चाळली, शपथपत्रापाशी थांबले आणि ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे तुम्ही लिहिलं नसतं, तर आम्हाला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले. "कोर्टात नोंद नाही, पोलिसांकडे नाही. मग कशासाठी एवढा त्रास घेतला?"

आई खुर्चीत ताठ बसली होती. तिने माझ्याकडे बोट केलं.

"साहेब, हिला माहीत आहे ना. ही मागे बसली होती."

  साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काय करावं ते न कळून मी मान हलवली, जणू साक्षच दिली. ते हसले. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि आईला म्हणाले, "ठीक आहे. कळवू."

त्या वयात मला त्या वाक्याचा पूर्ण अर्थ लागला नव्हता. पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना आईचा हात धरून चालावं, आणि तो धरलेला सगळ्यांनी पाहावा, असं मला वाटलं होतं. पुढे मोठी झाल्यावर, आई झाल्यावर मी स्वतः अनेक कागदांवर सह्या केल्या. कुठे काय गाळता येईल हे मला चांगलं कळतं. सगळ्या वेळी मी आईसारखी वागले असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण असं वागणारं माणूस मी जवळून पाहिलंय, आणि ते माझं होतं, याचा अभिमान मला आजही आहे.

पावसाळा संपता संपता मंजुरीचं पत्र आलं. आईने हिरव्या काठाची पांढरी साडी नेसली, बाबांनी रजा घेतली. कचेरीत वाचायचा नागरिकत्वाच्या शपथेचा कागद इंग्रजीत होता. झांजीबारच्या शाळेत शिकलेल्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत तिने तो मोठ्याने वाचला. हळू आवाजात वाचलं तरी चालतं, असं कुणीतरी म्हणालं, पण ती थांबली नाही. दाराशी फाइली घेऊन आलेला तो वयस्कर कारकून वाचन संपेपर्यंत तसाच उभा राहिला. बाबांनी रुमालाने चष्मा पुसला. आईने सही केली तेव्हा तिचं अक्षर नेहमीपेक्षा थोडं मोठं आलं.

दुसऱ्या दिवशी नळावर आत्या बायकांना सांगत होती, "आमच्या वहिनीनं तोंडावर सांगतलं साहेबाले! म्हने, माही पोरगी मांगं बसली होती, तिले काय सांगू मी?" तिच्या सांगण्यात साहेबांचा कलेक्टर झाला होता, आणि तो खुर्चीवरून उठून उभाही राहिला होता. मी बादली घेऊन रांगेत उभी होते. एका बाईने मला विचारलं, "खरं का वं?"

"उठले नव्हते," मी म्हणाले. "बाकी सगळं खरं आहे."