पाहुण्याचं रक्त

कापसावरचा भरवसा उडालेली ती वर्षं. दुधावर तरी घर चालेल म्हणून अंजनगावच्या बाजूच्या खेड्यांत संकरित गाई येऊ लागल्या होत्या. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. गोचीडतापाचे जंतू किती जनावरांच्या रक्तात आहेत, हे गावोगाव तपासायचं काम माझ्याकडे होतं. कानाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा.

एका गावात पोचलो तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देणं चाललं होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला गोठ्याच्या दारातच अडवलं.

"आत्ताच आवतन देल्लं साहेब. पाहुन्याचं रक्त काढते का कोनी?"

सगळे हसले. मीही हसलो. बैल सोडून गावातल्या चार गाईंचं रक्त घेतलं, त्यांच्या काचा स्वच्छ निघाल्या. पोळा झाल्यावर परत जायला हवं होतं. बैल धडधाकट दिसत होते, म्हणून गेलो नाही.

म्हाताऱ्याच्या भिंतीला लागून एका मुसलमान विधवेचं घर होतं. ती शिवणकाम करायची, म्हाताऱ्याला चाचा म्हणायची. त्या संध्याकाळी निघताना तिनं मला विचारलं, "डाक्टरसाब, गाय आनून राहिली मी. गावात बिमारी त नाई ना?"

"बिनधास्त आणा," मी म्हणालो.

दसरा उलटला आणि तिचा निरोप आला. तिची नवी संकरित गाय मान टाकून उभी होती. अंग तापलेलं, खांद्यापुढची गाठ सुजलेली. काचेवर जंतूच जंतू. इंजेक्शन दिलं, पण उशीर झालाय हे मला कळत होतं. मग शेजारी गेलो. या वेळी म्हाताऱ्यानं स्वतः बैलांचे कान धरले. दोघांच्याही रक्तात तेच जंतू. गावरान बैलांनी ते पचवले होते, म्हणून वरून काही दिसत नव्हतं. गोचिडांनी ते भिंतीपलीकडे नेले.

म्हाताऱ्याला आणि बाईला समोर उभं करून मी सगळं सांगितलं.

"चाचा," बाई म्हणाली, "तुमच्या पाहुन्यायच्या अंगावरचे पाहुने आमच्या गाईवर जेवून गेले."

"मले काय ठाव, पोरी?"

"तुमाले कोन म्हनून राहिलं? ज्याले मालूम असाले पाहिजे, त्याले म्हनते मी." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दुपारी गाय बसली ती उठलीच नाही. बाईनं तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, हातात गुंडाळलं.

"आता इथं काहून उभे? गल्लीत अजून तीन घरी अशाच गाई हायेत. जा ना."

गेलो. पहिल्याच घरी बैलही दाखवा म्हणालो, तर तिथला माणूस म्हणाला, "बैलं वावरात गेले साहेब. उद्या या."

मी पेटी खाली ठेवली आणि त्याच्या ओट्यावर बसलो.